विश्लेषण : इंटरनेट ३०० एमबीपीएसचे, मग शेवटच्या टेबलावर चक्र का फिरते?

महिन्याची २० तारीख. जीएसटीचे मासिक ३बी विवरणपत्र भरण्याचा एरवीचा शेवटचा दिवस. पुणे, ठाणे किंवा नाशिकमधल्या एखाद्या व्यापारी संकुलात चौथ्या मजल्यावरचे सीएचे ऑफिस डोळ्यांसमोर आणा. पंचवीस-तीस माणसे, ३०० एमबीपीएसची फायबर जोडणी आणि साहेबांच्या केबिनमध्ये राउटर. साहेब फोनवर स्पीड टेस्ट करतात, आकडा येतो २८०. बाहेर शेवटच्या टेबलावर आर्टिकलशिप करणारा मुलगा पोर्टलवरचे फिरते चक्र बघत बसलेला असतो. साहेबांना वाटते, हे निमित्त आहे. मुलाला वाटते, नेट वाईट आहे. सेवा पुरवठादाराकडे तक्रार जाते, तंत्रज्ञ येतो, राउटरशेजारी उभा राहून तपासतो आणि ‘लाइन ओके आहे’ असे सांगून निघून जातो. तोही खोटे बोलत नसतो. मग प्लॅन ५०० एमबीपीएसचा केला जातो, बिल वाढते आणि पुढच्या महिन्याच्या २० तारखेला चक्र तसेच फिरते. हे का होते आणि ते शोधण्यासाठी नेमके काय मोजावे लागते?

इंटरनेट आणि वाय-फाय वेगळे कसे?

सोसायटीच्या गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली आहे, पण आपल्या नळाला धार नाही, हा अनुभव बहुतेकांना आहे. अशा वेळी कोणी टँकर मागवत नाही. मधला पाइप बघतात. ऑफिसच्या इंटरनेटचेही दोन भाग असतात. सेवा पुरवठादाराच्या केबलपासून राउटरपर्यंतचा एक आणि राउटरपासून आपल्या लॅपटॉप किंवा फोनपर्यंतचा दुसरा. आपण पैसे मोजतो ते पहिल्या भागाचे. दुसरा भाग हवेतून जातो, त्याचे बिल येत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

साधा हिशेब करून पाहू. एका व्हिडिओ कॉलला साधारण दोन ते चार एमबीपीएस लागतात. तीस माणसे एकाच वेळी कॉलवर असली, जे सहसा घडत नाही, तरी गरज शंभर-सव्वाशे एमबीपीएसच्या आसपास राहते. कर विवरणपत्र भरायला तर त्याहून कितीतरी कमी लागते. म्हणजे ३०० एमबीपीएसची जोडणी असलेल्या या ऑफिसात टाकी रिकामी नाही. प्लॅन वाढवून प्रश्न सुटत नाही तो याचमुळे.

नेमका दोष कोणत्या भागात आहे हे ओळखायला पाच मिनिटे पुरतात. ज्या टेबलावर तक्रार आहे तिथल्याच लॅपटॉपवरून आधी राउटरला ‘पिंग’ करावे (राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो), मग बाहेरच्या एखाद्या मोठ्या संकेतस्थळाला. पिंग म्हणजे एक छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागला ते पाहणे. राउटरचे उत्तर सतत काही मिलिसेकंदांत येत असेल आणि बाहेरचे उत्तर रखडत असेल, तर पुरवठादाराला फोन करावा. पण दहा फुटांवरच्या राउटरचेच उत्तर कधी ३, कधी ९०, कधी ४०० मिलिसेकंदांनी येत असेल, तर दोष आपल्याच छताखाली आहे. एवढी एक चाचणी तक्रार करण्याआधी केली, तर दोन्ही बाजूंचे किती तरी हेलपाटे वाचतील.

हवेत गर्दी होते म्हणजे काय?

वाय-फायची एक गोष्ट लक्षात आली की बाकीच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात. एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. बाकीच्यांनी ऐकायचे, हवा मोकळी झाली असे वाटले की क्षणभर थांबायचे आणि मग बोलायचे. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही संदेश वाया जातात आणि पुन्हा पाठवावे लागतात. केबलला जोडलेल्या संगणकांना स्वतःची स्वतंत्र वाट असते. वाय-फायवरच्या सगळ्यांची वाट एकच. अगदी अलीकडच्या पिढ्यांत एका फेरीत अनेकांना थोडे थोडे वाढण्याची सोय आली आहे, पण मूळ स्वभाव तोच आहे.

म्हणून वाय-फायमध्ये खरी टंचाई वेगाची नसते, वेळेची असते. पंगतीत वाढपी एकच असावा आणि एखाद्याने प्रत्येक पदार्थाला विचार करत बसावे, तसे इथे होते. दीड हजार बाइटचा एक संदेश ३०० एमबीपीएसने बोलणारा लॅपटॉप ०.०४ मिलिसेकंदात पाठवतो. तोच संदेश कोपऱ्यातला, सिग्नल जेमतेम मिळणारा जुना प्रिंटर ६ एमबीपीएसने पाठवतो, तेव्हा २ मिलिसेकंद जातात. पन्नासपट वेळ. तेवढा वेळ बाकी सगळे थांबलेले. प्रिंटर स्वतः संथ आहे हे एक, पण तो इतरांनाही संथ करतो, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

यात शेजारीही आले. व्यापारी संकुलात वर विमा एजंट, खाली दंतवैद्य, बाजूला क्लासेस. प्रत्येकाचा राउटर तीच हवा वापरतो. भिंत आपली असली तरी चॅनेल आपला नसतो. त्यातच नेट रखडले की दोघे-तिघे जण वैतागून मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करतात. त्यांचे काम होते, पण त्या क्षणी हवेत आणखी दोन-तीन नेटवर्क येतात आणि उरलेल्यांचे वाय-फाय आणखी बिघडते. मुदतीच्या दिवशी संध्याकाळी हे हमखास घडते.

आणखी एक न दिसणारा खर्च आहे. प्रत्येक वाय-फाय नाव सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी इथे आहे’ अशी हाक देते आणि ती हाक सर्वात जुन्या उपकरणालाही कळावी म्हणून अत्यंत संथ वेगाने दिली जाते. तीनशे बाइटची हाक १ एमबीपीएसने दिली तर दर सेकंदाचा अडीच टक्क्यांहून थोडा अधिक वेळ तिच्यातच जातो. ‘ऑफिस’, ‘गेस्ट’, ‘साहेब’, ‘सीसीटीव्ही’ अशी चार नावे ठेवली की कोणी काहीही काम करण्याआधीच दहा टक्के वेळ संपला. शेजाऱ्यांची नावे त्याच चॅनेलवर असतील तर ती वेगळीच. हौसेने नावे वाढवणाऱ्या ऑफिसांनी हा हिशेब एकदा करावा.

कोणते पट्टे उपलब्ध आहेत?

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये विनापरवाना वापरासाठी खुला झाला. त्यात चॅनेल १३ आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले. परस्परांना धक्का न लावता वापरता येतात ते तीनच. १, ६ आणि ११. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात. पॅन्ट्रीजवळच्या टेबलांना दुपारी एक ते दोन या वेळात कॉल जमत नसेल, तर एकदा ओव्हनकडे बघावे.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा बरीच जास्त. ऑक्टोबर २०१८ मधील अधिसूचनेने देशात या पट्ट्यातला एकूण ६०५ मेगाहर्ट्झ इतका भाग खुला झाला. त्याची पोच कमी, भिंतींत तो लवकर अडकतो. घरात हा तोटा वाटतो. ऑफिसात तो गुण ठरतो, कारण शेजाऱ्याचा आवाजही कमी ऐकू येतो.

तिसरा पट्टा ६ गिगाहर्ट्झचा. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये त्यातले १२०० मेगाहर्ट्झ वाय-फायला दिले. आपल्याकडे यावर बराच काळ खल झाला. मोबाइल कंपन्यांना हा पट्टा ५जी आणि पुढच्या सेवांसाठी हवा होता, तर इंटरनेट आणि उपकरण कंपन्यांना वाय-फायसाठी. दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये जे मसुदा नियम काढले, त्यात ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा खालचा ५०० मेगाहर्ट्झचा भाग छताखालच्या कमी शक्तीच्या वापरासाठी विनापरवाना ठेवण्याची दिशा होती. ५०० मेगाहर्ट्झ म्हणजे २० मेगाहर्ट्झ रुंदीचे २४ चॅनेल, तेही जुन्या उपकरणांची वर्दळ नसलेले. दाटीवाटीच्या संकुलांना याचा उपयोग खूप आहे. मात्र ‘वाय-फाय ६ई’ किंवा ‘वाय-फाय ७’ असे खोक्यावर छापले म्हणजे तो पट्टा आपल्या उपकरणात चालू आहे असे नाही. विकत घेताना भारतातल्या नियमांनुसार तो सुरू आहे का, आणि आपल्या कर्मचाऱ्यांच्या किती लॅपटॉपना तो ओळखता येतो, हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ऑफिसांत ‘दोन-चार’ असे येईल.

सिग्नलच्या सगळ्या काड्या दिसतात, तरी कॉल का तुटतो?

काड्या एवढेच सांगतात की राउटरचा आवाज फोनला ऐकू येतो आहे. फोनचा आवाज राउटरला ऐकू जातो की नाही, हे त्या सांगत नाहीत. राउटर लाउडस्पीकरवरून बोलतो आणि आपला फोन साध्या आवाजात उत्तर देतो, अशी ही स्थिती. ‘पॉवर फुल्ल करून ठेवा’ हा सल्ला म्हणूनच अनेकदा उलटतो. लाउडस्पीकर आणखी मोठा होतो, फोनचा आवाज तेवढाच राहतो आणि शेजारच्या ऑफिसला मात्र जास्त त्रास होतो. काही ठिकाणी शक्ती कमी केल्यावर तक्रारी कमी होतात, ते यामुळेच.

दुसरे कारण चिकटण्याचे. ऑफिसात दोन-तीन ॲक्सेस पॉइंट असले तरी कोणाला जोडून घ्यायचे हे फोन ठरवतो. रिसेप्शनपाशी जोडला गेलेला फोन मालकासोबत मीटिंग रूमपर्यंत जातो, तिथे डोक्यावर दुसरा ॲक्सेस पॉइंट असतो, तरीही तो जुन्यालाच धरून बसतो. सिग्नल क्षीण, वेग कमी आणि वर सांगितल्याप्रमाणे सगळ्यांचाच वेळ खर्च. ॲक्सेस पॉइंटमध्ये ‘८०२.११के’, ‘व्ही’ आणि ‘आर’ या सोयी असतील तर त्या सुरू केल्याने फोनला जागा बदलायला मदत होते. काही जुनी उपकरणे त्यांना दाद देत नाहीत, म्हणून सुरू केल्यावर आठवडाभर लक्ष ठेवावे.

तिसरे कारण तर सिग्नलशी संबंधितच नाही. राउटर प्रत्येक उपकरणाला एक पत्ता वाटतो आणि साध्या मांडणीत असे जेमतेम २५० पत्ते असतात. ऐंशी कर्मचारी, प्रत्येकाचा फोन आणि लॅपटॉप, प्रिंटर, कॅमेरे आणि दिवसभर येणारे पाहुणे. त्यातच अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा हार्डवेअर क्रमांक लपवून बदलता क्रमांक दाखवतात, म्हणजे काही वेळा एकच फोन दोन पत्ते अडवतो. दुपारपर्यंत पत्ते संपतात. नंतर येणाऱ्याला काड्या पूर्ण दिसतात आणि इंटरनेट मिळत नाही. पत्ता किती तास राखून ठेवायचा ही मुदत पाहुण्यांच्या नेटवर्कवर २४ तासांवरून दोन तासांवर आणली की हा प्रश्न बिनखर्चात सुटतो.

मग मोजायचे काय?

स्पीड टेस्ट निरुपयोगी नाही, पण ती एका जागेची, एका क्षणाची आणि बहुधा चुकीच्या जागेची असते. ऑफिसच्या वाय-फायची प्रकृती सांगणारे आकडे वेगळे आहेत.

पहिला आकडा सिग्नलची ताकद. ती वजा डीबीएममध्ये मोजतात आणि शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. वजा ५० उत्तम. आवाजाचे आणि व्हिडिओचे कॉल नीट चालायला वजा ६७ किंवा त्याहून चांगला सिग्नल असावा, असे या क्षेत्रात सर्वसाधारणपणे मानतात. वजा ८० ला जोडणी दिसते, काम होत नाही. इथे दहाचा फरक म्हणजे दहापटीचा फरक. वजा ६७ ऐवजी वजा ७७ म्हणजे दहावा हिस्सा. त्यासोबत पार्श्वभूमीचा गोंगाट किती आहे तेही पाहावे. सिग्नल गोंगाटाच्या २५ डेसिबल वर असेल तर निश्चिंत राहावे. अँड्रॉइड फोनवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारची मोफत ॲप सिग्नलचा आकडा आणि शेजाऱ्यांचे चॅनेल दाखवतात. मॅकवर ऑप्शन कळ दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केले की सिग्नल, गोंगाट आणि चॅनेल तिन्ही दिसतात. विंडोजमध्येही गेल्या काही दिवसांत जोडणी कधी आणि का तुटली याचा अहवाल तयार करण्याची सोय आहे, जी फारसे कोणी वापरत नाही.

दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा आहे, तो म्हणजे चॅनेल किती व्यग्र आहे. ॲक्सेस पॉइंटच्या व्यवस्थापन पानावर तो टक्क्यांत मिळतो. पन्नास टक्क्यांपर्यंत काम निभते. सत्तरच्या पुढे गेला की कॉल तुटू लागतात, मग सिग्नल कितीही चांगला असो. त्याच्याच जोडीला पुन्हा पाठवाव्या लागलेल्या संदेशांचे प्रमाण बघावे. दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. पाचातला एक संदेश दोनदा जात असेल तर हवेत काहीतरी बिघडले आहे. वेगाचा प्लॅन बदलून यातला एकही आकडा हलत नाही.

आणि हे सगळे कधी मोजायचे? रविवारी रिकाम्या ऑफिसात मोजलेला सिग्नल सोमवारी तसाच मिळत नाही, कारण माणसाच्या शरीरात पाणी असते आणि पाणी या लहरी शोषून घेते. तीस माणसे म्हणजे तीस पाण्याच्या टाक्या. शिवाय मुदतीच्या आठवड्यात फायलींनी भरलेली लोखंडी कपाटे इकडून तिकडे सरकतात, ती वेगळीच. म्हणून मोजमाप कामाच्या वेळेत, प्रत्येक टेबलावर, निदान दोन आठवडे व्हायला हवे. शंभर लोकांच्या ऑफिसात यासाठी स्वयंचलित प्रणाली घ्यावी. वीस जणांच्या ऑफिसात एक वही पुरते. तारीख, वेळ, टेबल, उपकरण आणि काय झाले, एवढे पाच रकाने. पंधरा दिवसांत तक्रारी एका कोपऱ्यात, एका वेळेत किंवा एकाच प्रकारच्या लॅपटॉपवर गोळा झालेल्या दिसतील. निदान तिथेच निम्मे होते.

महागड्या प्रणालींच्या डॅशबोर्डबद्दल थोडे सांगायला हवे. ‘आरोग्य ९४ टक्के’ असे हिरवे वर्तुळ पाहून व्यवस्थापक खूश होतात. ती सरासरी असते. पन्नास टेबलांपैकी सत्तेचाळीस टेबलांवर सगळे छान असेल आणि तिघांचे दिवसभर हाल होत असतील, तरी वर्तुळ हिरवेच राहते. सरासरीऐवजी सर्वात वाईट पाच टक्के वेळा काय घडते ते मागावे. ते तिघे बहुधा शेवटच्या टेबलांवर बसणारे, नव्याने लागलेले आणि तक्रार करायला बिचकणारे असतात. त्यांचे काम उशिरा होते आणि वार्षिक मूल्यमापनात ‘संथ’ हा शेरा मात्र त्यांच्या नावापुढे लागतो. राउटर साहेबांच्या केबिनमध्ये ठेवण्याची आपल्याकडची पद्धत दिसायला साधी आहे, पण तिची किंमत हे लोक मोजतात.

सुधारणा कुठून सुरू करावी?

जे हलत नाही ते केबलवर घ्यावे. प्रिंटर, सीसीटीव्ही, टीव्ही, बायोमेट्रिक हजेरीयंत्र, टेबलावरचे संगणक. वाय-फाय सुधारण्याचा सर्वात स्वस्त उपाय म्हणजे वाय-फायवरची उपकरणे कमी करणे, हे ऐकायला विचित्र वाटते, पण अनुभव तोच आहे. वाय-फायवर चालणारे चार कॅमेरे दिवसरात्र चित्रीकरण पाठवत असतात. ते केबलवर नेले की हवा मोकळी होते.

दुसरे, राउटर केबिनमधून, लोखंडी कपाटावरून, टीव्हीमागून किंवा सर्व्हरच्या कपाटातून बाहेर काढावा आणि माणसे बसतात त्या जागेच्या मध्यावर, छताला लावावा. फॉल्स सीलिंगच्या वर नव्हे, खाली. सुशोभीकरण करणाऱ्याला ते डोळ्यांना खुपते म्हणून तो डबा वर लपवतो आणि पत्र्याच्या डक्टशेजारी त्याचा जीव गुदमरतो. छतापर्यंत वीज न्यायची गरज नाही. नेटवर्क केबलमधूनच वीज देणारे पीओई स्विच मिळतात. केबल मात्र शंभर मीटरच्या आत हवी.

तिसरे, चॅनेलची रुंदी. रुंद चॅनेल म्हणजे जास्त वेग, असे खोक्यावर लिहिलेले असते आणि घरात ते खरेही असते. ऑफिसात तीन-चार ॲक्सेस पॉइंट आणि दहा शेजारी असताना ८० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल घेणे म्हणजे लग्नाच्या हॉलबाहेर रस्ता अडवून गाडी लावण्यासारखे आहे. २.४ गिगाहर्ट्झवर २० आणि ५ गिगाहर्ट्झवर २० किंवा ४० ठेवावे. स्पीड टेस्टचा आकडा घटेल, कॉल तुटणे थांबेल.

इंटरनेट जोडणीचा दोष असलाच, तर तो बहुधा डाउनलोडचा नसतो. दुपारी बारा वाजता टॅलीचा बॅकअप क्लाउडवर चढायला लागतो, अपलोडची वाट तुंबते आणि बाकीच्यांचे छोटे छोटे संदेश त्यामागे रांगेत अडकतात. बॅकअप रात्री दहाला लावणे हा बिनपैशाचा उपाय. राउटरमध्ये वाहतुकीला अग्रक्रम देण्याची सोय असेल, तर कॉलला पुढे काढावे.

रिपीटरचा मोह टाळावा. हजार-दीड हजारात मिळतो, प्लगमध्ये खोचला की काड्या वाढतात, म्हणून लोकप्रिय आहे. पण साधा रिपीटर प्रत्येक संदेश एकदा ऐकतो आणि त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, म्हणजे हवेतला वेळ दुप्पट खर्च होतो. केबल टाकून दुसरा ॲक्सेस पॉइंट लावणे थोडे महाग पडते, पण ते काम एकदाच करावे लागते.

देखरेख नेटवर्कवर की माणसांवर?

इथे सावध राहायला हवे. चॅनेल किती व्यग्र आहे हे सांगणारी प्रणालीच कोणाचा फोन कधी आला, कुठल्या खोलीत किती वेळ होता, जेवायला किती मिनिटे गेला, हेही सांगू शकते. तांत्रिक देखरेखीच्या नावाखाली हजेरीची देखरेख सुरू झाल्याचे कर्मचाऱ्यांना कळले, की ते वाय-फाय सोडून मोबाइल डेटावर आणि हॉटस्पॉटवर जातात आणि हवा आणखी बिघडते.

नोंदी ठेवाव्या लागतात, हे खरे. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या माहिती-तंत्रज्ञान प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत आणि सायबर घटना सहा तासांत कळवायच्या आहेत. दुसरीकडे, डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नोकरीशी संबंधित कारणांसाठी मालकाला काही मुभा देतो. ती मुभा म्हणजे सगळे बघण्याचा परवाना नव्हे. काय नोंदवले जाते, किती दिवस आणि ते कोण पाहते, हे एका पानावर लिहून सूचनाफलकावर लावायला काय हरकत आहे? ज्या ऑफिसात सोडून गेलेल्या माणसालाही वाय-फायचा पासवर्ड माहीत असतो आणि तो तीन वर्षे बदललेला नसतो, तिथे खरा धोका कर्मचाऱ्यांच्या फोनपासून नसून त्या पासवर्डपासून आहे. प्रत्येकाला स्वतःचे लॉगिन आणि पाहुण्यांना वेगळे नेटवर्क, एवढे केले तरी बरेच साधते.

इमारतीची जबाबदारी किती?

बरीच. आरसीसीच्या भिंती, धातूचा थर असलेल्या काचा, लिफ्टचे डक्ट हे सारे भाडेकरू येण्याआधीच ठरलेले असते. ‘ट्राय’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये डिजिटल जोडणीसाठी इमारतींना मानांकन देण्याचे नियम आणले. फायबरची तयारी, इमारतीच्या आतले मोबाइल नेटवर्क आणि वाय-फायची सोय पाहून तारांकन द्यायचे, अशी ही योजना. ती ऐच्छिक आहे. मुंबई-पुण्यात ऑफिस भाड्याने घेताना पार्किंग किती, जनरेटर आहे का, पाणी किती वेळ येते, हे विचारले जाते. प्रत्येक मजल्यावर केबल टाकायला मोकळी वाट आहे का, हे कोणी विचारत नाही. आणि करार झाल्यावर संकुलाची समिती भिंतीला भोक पाडू देत नाही. तारे मिळालेल्या इमारतींची मागणी भाडेकरूंनी केल्याशिवाय बांधकाम व्यावसायिक त्यासाठी अर्ज करतील, असे वाटत नाही.

वाय-फाय बसवून देणाऱ्याशी होणारा व्यवहारही असाच मोघम असतो. ‘चार ॲक्सेस पॉइंट, एक स्विच, बसवणुकीसह’ एवढेच कोटेशनमध्ये लिहिलेले असते. त्यात आणखी एक ओळ घालता येते. कामाच्या दिवशी, दुपारी बारा ते चार या वेळात, सगळी माणसे जागेवर असताना, शेवटच्या टेबलावर वजा ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला सिग्नल आणि पन्नास टक्क्यांच्या आत चॅनेल वापर दिसला, की उरलेले तीस टक्के पैसे. हा आकडा मोजायला त्याच टेबलावरच्या मुलाला बोलवावे.